डोकेदुखीची वही

डोकेदुखी या विषयावर प्रत्येक मराठी घरात किमान तीन तज्ज्ञ असतात. एक म्हणतो पित्त, दुसरा म्हणतो चष्म्याचा नंबर वाढला, तिसरा म्हणतो "तू फार विचार करतोस". आमच्या वऱ्हाडात चौथा असतो, तो म्हणतो "ऊन लागलं". आणि ऑफिसात पाचवा भेटतो, तो आपल्या मॉनिटरचा ब्राइटनेस परस्पर कमी करून जातो. गंमत म्हणजे यातलं कोणीच शंभर टक्के चूक नसतं. पण शंभर टक्के बरोबरही कोणी नसतं, आणि डोकं आपलं वर्षानुवर्षं दुखत राहतं.

आधी थोडे आकडे, म्हणजे आपण एकटे नाही हे कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातल्या सुमारे ४० टक्के लोकांना, म्हणजे ३१० कोटी माणसांना, कुठला ना कुठला डोकेदुखीचा विकार होता. आपल्या शेजारी कर्नाटकात, बंगळूर शहर आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन एक पाहणी झाली होती. तिथे दर चार प्रौढांमागे एकाला वर्षभरात मायग्रेन होऊन गेलेलं निघालं. चारात एक! म्हणजे तुमच्या टीममध्ये आठ जण असतील तर दोघं. ते बोलत नाहीत, एवढंच.

आता सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघा. वारंवार येणारी डोकेदुखी हा कधी येणारा, कधी न येणारा बग आहे. डेमोच्या वेळी हमखास गायब. डॉक्टरसमोर बसलो की नेमकं डोकं शांत असतं. मग आपण आठवून आठवून सांगतो, "महिन्यातून चार-पाच वेळा दुखतं बहुतेक", "तसं काही विशेष खाल्लं नव्हतं". असल्या माहितीवर बग सापडत नाही. त्याला लॉग लागतो.

लॉग म्हटलं की मला माझं गाव आठवतं. हसू नका, सांगतो. आमचं गाव रिद्धपूर. अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका, सगळा संत्र्यांचा भाग. महानुभाव पंथाचं मोठं क्षेत्र, गोविंदप्रभूंचं गाव. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी इथेच एकत्र केल्या, तो 'लीळाचरित्र' हा ग्रंथ मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात. आता गावात मराठी भाषा विद्यापीठसुद्धा झालंय. तर मुद्दा असा की म्हाइंभटांनी काय केलं? ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गाठून विचारलं आणि कुठे, कोणासमोर, काय घडलं, काय बोलणं झालं, हे छोट्या छोट्या लीळांत नोंदवलं. पुढे धामधुमीत मूळ प्रत हरवली. अनुयायांना ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा करावा लागला आणि पाठभेद तयार झाले.

डोकेदुखीचंही डिट्टो हेच आहे. घडलं तेव्हा लिहिलं नाही की नंतर नुसते पाठभेद उरतात.

मागच्या दसऱ्याला गावी गेलो तेव्हा मी एक दोनशेपानी वही विकत घेतली आणि मोठीआईच्या हातात दिली. मोठीआई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. वय सत्तावन्न. मी शाळेत होतो तेव्हापासून तिचं डोकं दुखतं. दुपारी खोलीत अंधार करून, कपाळाला पदर घट्ट बांधून ती पडलेली असायची आणि आम्हा पोरांना अंगणात हाकललेलं असायचं. घरात कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "तिचं डोकं दुखतंच." यातला तो 'च' बघा. दुखलं नाही, दुखतंय नाही... दुखतंच. छत गळतंच, कुत्रं भुंकतंच, त्या चालीवर. पंचवीस-तीस वर्षांत त्या 'च'ने कोणालाच पुढचा प्रश्न विचारू दिला नाही.

वही बघून मोठीआई म्हणाली, "डोकसं दुखून रायलं त गोळी घेईन का लिवत बसीन बापू?"

"दोन्ही कर," म्हटलं. "फक्त गोळी घेतली की तेही लिही."

लिहायचं काम शेवटी वहिनीने अंगावर घेतलं. रकाने साधे होते. तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता थांबलं, कुठली बाजू, मळमळ होती का, उजेड-आवाज सहन होत होता का, रात्री झोप किती, जेवण किती वाजता, चहा किती, गोळ्या किती. नियम एकच. कारण लिहायचं नाही. "उन्हात गेली होती म्हणून" असं नाही, नुसतं "दुपारी वावरात होती". निष्कर्ष नंतर काढू. (आमच्याकडे बग रिपोर्टमध्ये लोक आधी कारण लिहितात आणि मग तीन दिवस सगळे त्याच दिशेने धावतात, त्या अनुभवावरून आलेला नियम.)

सहा आठवड्यांनी वहिनीने पानांचे फोटो पाठवले. मी शनिवारी सकाळी एक्सेलमध्ये भरत बसलो. बेचाळीस दिवसांपैकी एकोणतीस दिवस डोकं दुखलं होतं. एकोणतीस! घरातल्या कोणाचाही अंदाज आठवड्यातून एखाद्या दिवसाच्या वर नव्हता, तिचा स्वतःचासुद्धा.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. या एकोणतीस दिवसांत दोन वेगवेगळ्या डोकेदुख्या होत्या. सात दिवस जोराचं दुखणं, बहुतेक वेळा डावी बाजू, ठणका, उलटी, उजेड नको, चाललं की वाढतं. उरलेले बावीस दिवस मंद, सगळं डोकं जड, आणि सकाळी उठतानाच सुरू. एकाच तिकिटात दोन बग नोंदवले गेले होते.

पहिला सोपा आहे, त्याला आपल्याकडे जुनं नाव आहे. अर्धशिशी, म्हणजे अर्धं डोकं. मायग्रेन हा शब्दही ग्रीकमधल्या 'अर्धी कवटी' अशाच अर्थाच्या शब्दावरून आलाय. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकाच दुखण्याला एकच नाव दिलं. मायग्रेनमध्ये डोकं चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत ठणकू शकतं. बरोबर मळमळ किंवा उलटी, उजेड आणि आवाज नकोसा. काहींना आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे दोन ते तीन पट जास्त. त्यात पाळीच्या आसपास बदलणाऱ्या हार्मोन्सचा मोठा हात असतो. आणि हे बरंचसं आनुवंशिक आहे. मोठीआईच्या आईचंही डोकं दुखायचं... 'च'सकट.

इथे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत, कारण आणि निमित्त. मायग्रेनचं कारण म्हणजे मेंदूची मुळातली संवेदनशीलता, ती जन्माची सोबत. निमित्तं बाहेरची असतात. ऊन, डोळ्यांवर येणारी तिरीप, चुकलेलं जेवण, कमी झोप, जास्त झोप, कमी पाणी, उग्र वास, ताण, आणि ताण संपल्यावरचा सैलपणासुद्धा. वहीत मोठीआईची निमित्तं स्पष्ट दिसली. सातपैकी चार दिवस आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती, मजुरांबरोबर वावरात राहून तिचं जेवण दुपारी तीनवर गेलं होतं. दोन दिवस न्हाण्याचे होते, डोक्यावरून आंघोळ आणि ओले केस. हे वाचून मला वाटलं योगायोग असेल. पण शोधल्यावर कळलं की मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर, केस धुतल्यावर उठणाऱ्या मायग्रेनवर, ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली होती. म्हणजे आपल्या आज्या "न्हायलं की डोकं उठतं" म्हणायच्या ते उगीच नव्हतं!

ऊन हेही खरंच. मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो तेव्हा डोक्याला दुपट्टं न बांधता बाहेर पडणारा माणूस बाहेरगावचा समजावा. पण लक्षात घ्या, तेच ऊन वावरातल्या सगळ्यांना लागतं आणि डोकं एकटीचंच उठतं. ऊन निमित्त आहे, कारण नाही. म्हणून "उन्हात जाऊ नको" एवढ्याने भागत नाही.

आता चुकीच्या संशयितांबद्दल. मोठीआईने तीन वेळा चष्मा बदललाय. नंबर चुकला असेल तर वाचताना डोळे ताणून कपाळ दुखू शकतं, पण उलटी करून अंधारात झोपवणारं दुखणं सहसा चष्म्याचं नसतं. दुसरा संशयित सायनस. हा आपल्या पुण्या-मुंबईच्या लोकांचा लाडका. २००४ मध्ये अमेरिकेत जवळपास तीन हजार लोक तपासले होते, ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या डॉक्टरांनी 'सायनसची डोकेदुखी' म्हणून शिक्का मारला होता. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या जातीची निघाली. मायग्रेनमध्ये नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून फसगत होते. तिसरा संशयित ब्लडप्रेशर. प्रेशर मोजलंच पाहिजे, पण साधारण वाढलेल्या प्रेशरने सहसा डोकं दुखत नाही. ते गपचूप वाढतं, म्हणून तर धोकादायक. आणि चौथा, रात्री दोन वाजता इंटरनेटवर भेटणारा, ब्रेन ट्यूमर. बाकी काही लक्षण नाही आणि वर्षानुवर्षं नुसतं डोकं दुखतंय, यामागे ट्यूमर निघणं फार क्वचित.

मग दुसरा बग? ते बावीस दिवस?

अमरावतीच्या डॉक्टरांनी वही हातात घेतली आणि आधी शेवटचा रकाना बघितला. गोळ्यांचा. बेचाळीसपैकी सव्वीस दिवस गोळी होती, काही दिवस दोन. किराणा दुकानातसुद्धा मिळणारी, टीव्हीवर जाहिरात येणारी साधी गोळी. वेदनाशामक आणि त्यात थोडं कॅफीन. डॉक्टर म्हणाले, "काकू, ही गोळी आता डोकं थांबवत नाहीये. ही डोकं दुखवतेय."

मोठीआईने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी पाण्याने तहान लागते म्हणून सांगितलं.

पण हे खरं आहे, आणि या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. ज्याला मुळात मायग्रेन किंवा ताणाची डोकेदुखी आहे त्याने वेदनाशामक फार दिवस घेतलं की मेंदू त्या गोळीला सरावतो. गोळी उतरली की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. हिशोब ठरलेला आहे. पॅरासिटामॉलसारखी साधी एकेरी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि कॅफीन वगैरे घातलेली मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की हा सापळा तयार होतो. इथे गोळ्या नाही, दिवस मोजायचे असतात. सकाळी उठतानाच जड असणारं डोकं ही त्याची नेहमीची खूण, कारण रात्रभर गोळी पोटात नसते. मायग्रेन पाळी थांबल्यावर बऱ्याच बायकांमध्ये कमी होतं. मोठीआईचं उलट वाढलं होतं, त्याचंही उत्तर मिळालं.

पन्नाशीनंतर दुखण्याची तऱ्हा बदलली होती म्हणून डॉक्टरांनी एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. त्या स्वच्छ निघाल्या. मग तिच्या बाबतीत गोळी एकदम बंद करायची ठरली, आणि मायग्रेन येऊच नये म्हणून रात्रीची एक छोटी गोळी सुरू झाली. त्यावरून घरात वेगळाच गोंधळ. चुलतभावाने मोबाईलवर नाव टाकलं तर 'डिप्रेशनवरचं औषध' असं आलं. "आईले येडं समजते का थो डॉक्टर?" म्हणून त्याचा मला रात्री फोन. त्याला समजावलं की हे जुनं औषध कमी डोसमध्ये मायग्रेन टाळण्यासाठी जगभर देतात. प्रेशरची आणि फिट्सची काही औषधंही या कामाला वापरतात. ही वेदनाशामकं नाहीत, रोज घेऊन महिना-दोन महिन्यांनी गुण येतो.

पहिले आठ-दहा दिवस वाईट गेले. गोळी सोडल्यावर डोकं आधी जास्त दुखतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. चौथ्या दिवशी मोठीआई रडली म्हणे. मोठेबाबा, ज्यांनी तीस वर्षं तो 'च' लावला, ते स्वतः दुकानात जाऊन "हिले गोळी देऊ नोको" सांगून आले, आणि त्या आठवड्यात चहा त्यांनी केला. (हे घरात पहिल्यांदाच घडलं, म्हणून नोंद.) हां, एक सूचना. तुमच्या गोळीत नेमकं काय आहे यावर ती एकदम सोडायची की हळूहळू, हे ठरतं. ते डॉक्टरांना विचारूनच करा.

आता तुमच्या-आमच्याकडे वळू. आपली सगळ्यात कॉमन डोकेदुखी ताणाची. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखी, ठणका नाही, उलटी नाही, आणि त्यात माणूस काम करू शकतो. म्हणून तर करतो. आठ तास मान पुढे काढून बसणं, दात आवळून कॉल ऐकणं, रात्री एकच्या रिलीजनंतर सकाळी नऊचं स्टँडअप. औषध कंटाळवाणं आहे. दर तासाला उठा, चाला, झोपेची वेळ पाळा.

दुसरी खास आपली, शनिवारची डोकेदुखी. सोमवार ते शुक्रवार सातला उठतो, साडेआठला ऑफिसची कॉफी. शनिवारी अकराला उठलो की एका झटक्यात जास्त झोप, चुकलेला नाश्ता आणि लांबलेली कॉफी. रोज कॉफी-चहा पिणाऱ्याचा शेवटचा कप होऊन बारा-चोवीस तास झाले की कॅफीन उतरल्याचं डोकं सुरू होतं. आपण म्हणतो, "आठवडाभराचा थकवा बाहेर पडतोय". थकवा नाही हो, वेळापत्रक! मायग्रेनवाल्या मेंदूला आराम कमी-जास्त चालतो, अचानक बदल चालत नाही. रविवारीही त्याच वेळी उठणं हा जगातला सर्वात अप्रिय सल्ला असेल, पण स्वस्त आहे.

आणि ही यादी मात्र गमतीची नाही. आयुष्यातलं सर्वात भयंकर डोकं क्षणात उठलं, तापाबरोबर मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, फिट आली, डोक्याला मार लागल्यानंतर दुखायला लागलं, तर वही शोधू नका, थेट हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेलं, दर आठवड्याला वाढत जाणारं किंवा खोकताना-वाकताना उठणारं डोकं असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

मोठीआईचं काय झालं? बरी झाली असं लिहायला आवडलं असतं, पण मायग्रेन असं 'बरं' होत नाही, आटोक्यात राहतं. आता पाच महिने झालेत. जोराचं दुखणं महिन्यातून दोन-तीनदा. तेव्हा ती गोळी घेते, सुरुवातीलाच घेते, आणि कालनिर्णयवर त्या तारखेला गोल करते. महिन्यात आठ गोलांच्या वर जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मागच्या महिन्यात पाच होते. वावरात जाताना डबा बरोबर असतो आणि बारा वाजता ती सगळ्यांच्या आधी जेवते, मजूर हसले तरी.

परवा फोन केला तर मोठेबाबांनी उचलला. म्हटलं मोठीआई कुठाय? म्हणाले, "थे पडली हाये. आज डोकसं दुखून रायलं तिचं. सकाळी पाणी आलं नोयतं, न्हाणं दुपारी झालं, त्याच्यानं असन."

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या वाक्यात 'च' नव्हता. 'आज' होतं, आणि पुढे नीट नोंद होती.

तुमच्याही घरात कोणाचं तरी डोकं 'दुखतंच' असेल. या वीकएंडला एक वही घेऊन द्या. दोनशेपानी लागत नाही, शंभरपानी पुरते. :)